जाणतं कुत्रं

आमच्या भीमाकाठाला कुत्र्याचं पिलू मागून आणायची रीत होती. कुणाची कुत्री व्यायली की महिनाभरात चार माणसं येऊन बघून जायची. पंजा केवढा आहे, कान कसा आहे, मानगूट धरून उचललं तर केकाटतं का गप राहतं, हे बघून पिलू ठरायचं. गप राहील ते धीट, असा समज. फुकट न्यायचं नाही म्हणून पिलाच्या बदल्यात मापटंभर ज्वारी द्यायची. भाकरी-दूध चाटायला लागलेलं पिलू धोतराच्या सोग्यात घालून न्यायचे, दोन रात्री ते रडायचं, आणि आठ दिवसांत त्या घरचं व्हायचं.

जाणतं कुत्रं मात्र कुणी मागत नसे. ते गळ्यात पडायचं. मालक मेला, भावाभावांत वाटणी झाली, जमीन विकली, दुष्काळात माणसं परागंदा झाली की पाच-सात वर्षांचं कुत्रं मागं उरायचं. घेणारा दहादा विचार करायचा. पहिली भीती पिसाळण्याची. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, तीही तालुक्याच्या दवाखान्यात, रोज एक. म्हणजे चौदा दिवस मजुरी बुडाली. दुसरी भीती, कुत्रं आधीच्या घरची ओळख विसरत नाही. ज्याच्याकडून आणलं त्याचाच हात लांबडा असला तर रात्री तो कणगीला भोक पाडेल आणि हे शेपूट हलवत शेजारी उभं राहील. तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नसे, पण खरं तेच होतं. भाकरी एका कुत्र्यापुरतीच निघायची आणि घरात कुत्रं आधीच असायचं.

मग व्हायचं काय, तर आठवडी बाजाराच्या दिवशी कुत्र्याला गाडीबरोबर न्यायचं आणि परत येताना दुसऱ्या वाटेनं यायचं. किंवा रेल्वे टेसनाजवळ सोडायचं, तिथं उष्टं-खरकटं मिळतं म्हणून. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये असा कायदा 1960 साली झाला. उपाशी-तहानलेलं मरेल अशा तऱ्हेनं जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा धरला आहे आणि पहिल्या खेपेला दंड पन्नास रुपयांपर्यंत आहे. पण आमच्याकडं हा कायदा कुणाच्या कानावर आला नव्हता. सोडलेलं कुत्रं परटाच्या कुत्र्यासारखं व्हायचं, ना घरचं ना घाटाचं. कधी आठ दिवसांनी पाय सुजवून दारात परत यायचं आणि घरातल्या बायका पदराला डोळे पुसत त्याला भाकरी घालायच्या.

आमचे आजोबा, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, या बाबतीत वेगळे होते. कुणाचं कुत्रं अडलं की लोक त्यांच्याकडं यायचे. ते आधी घर शोधत नसत, कुत्र्याची चौकशी करत. राती कुठं झोपतं? धनी गावाला गेला तर जेवतं का? गुरं रानात गेली की मागं जातं का घरी राहतं? ते म्हणायचे, "पिलाला घर शिकीवता येतंय. जाणत्या कुत्र्याचं घर त्येच्या आत आदीच बांधल्यालं असतंय. कशाला बांधलंय ते बगायचं. मानसाला, कामाला का जाग्याला?"

पुढं मी शिक्षक झालो, थोडंफार वाचलं, तेव्हा कळलं की यातला निम्मा भाग प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही सांगितला आहे. पिलाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात त्याच्या भोवती जे असतं, माणूस, मेंढरू, कोंबडी, ते त्याला आपलं वाटायला लागतं. ती खिडकी मिटली की नवं काही शिकत नाही असं नाही, पण पाया तोच राहतो.

हे सगळ्यात जास्त धनगरांना माहीत. फलटण, बारामती, इंदापूरकडचे वाडे दसरा-दिवाळी झाली की निघायचे. कुणी घाट उतरून कोकणात, कुणी काळ्या रानाकडं. वाडा म्हणजे इमारत नव्हे, पाच-दहा घरांचा एकत्र फिरणारा मेळ. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोंबडी, करडू, तान्हं पोर, आणि कडेनं कुत्री. आमच्या रानात ते मेंढरं बसवायचे. दोन-तीन राती मेंढरं एका वावरात बसली की लेंडीखत आणि मूत मिळून जमिनीला जे मिळायचं ते गाडीभर शेणखतानं मिळत नसे, म्हणून शेतकरी त्यांना धान्य द्यायचा. वाघरीच्या आत मेंढरं आणि बाहेर कुत्री. काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. ही कुत्री मेंढरांतच जन्मतात, कोकरांच्या उबेला झोपतात. त्यांना गाव नाही, दार नाही. आज जिथं मेंढरं बसली तीच त्यांची हद्द.

असलं कुत्रं म्हातारं झालं, रोजची चाल त्याच्यानं होईना, की धनगर पेचात पडायचा. मारून टाकणं त्याला शक्य नाही. खंडोबाचा भक्त तो, आणि खंडोबाजवळ कुत्रं असतंच. एका वर्षी एका मेंढक्यानं पांगळायला लागलेली आपली भुरी कुत्री आबांकडं आणली आणि मळ्यात ठेवून घ्या म्हणाला. आबा म्हणाले, मळ्यात नको, ती राखणार काय? विहीर? त्यांनी तिला गावातल्या एका विधवा बाईकडं दिली. बाईकडं नऊ शेळ्या होत्या आणि ती रोज त्या माळाच्या पलीकडं नेत नव्हती, ओढ्यापर्यंतच. कुत्रीनं पहिल्या रात्री माणसांकडं ढुंकून पाहिलं नाही. शेळ्यांच्या खोपटात गेली, एकेकीला हुंगलं आणि दारात आडवी पडली. नऊ का होईनात, तिला मोजायला जनावरं मिळाली. मेंढका दर वर्षी येताना त्या बाईला लोकर द्यायचा. कुत्री मेल्यावरही दोन वर्षं देत होता.

माणसाला बांधलेल्या कुत्र्याचं सोपं, असं आबा म्हणायचे. माणूस जाईल तिकडं ते जातं. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या आमच्या रस्त्यानं जायच्या, तेव्हा गाडीखालच्या सावलीत एक कुत्रं हमखास असायचं. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो, अशी आपल्याकडं चेष्टा आहे. मला ती कधी पटली नाही. ज्या कुटुंबाचं सहा महिने घर म्हणजे ती गाडीच, त्या घरातला तो एक ओढणाराच. पण माणूसच राहिला नाही किंवा त्याला नेता येईना, तर असल्या कुत्र्याइतकं अवघड दुसरं नाही. तेव्हा बघावं लागतं की माणूस म्हणजे नेमका कोण.

हे आता शहरात जास्त दिसतं. पुण्याकडून मला फोन येतात, कारण माझ्याकडं थोडं रान आहे हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. लॅब्राडोर आहे, सात वर्षांचा आहे, आम्ही मुलाकडं परदेशी चाललो, शेतावर मोकळा राहील हो बिचारा. मोकळा राहील म्हणजे काय? आयुष्यभर सोफ्याशेजारी झोपलेलं, माणसाच्या पायाला पाय लावून बसणारं ते जनावर. त्याला बांध, उसातली रानडुकरं, साप आणि मळ्यावरच्या चार कुत्र्यांची दातखीळ काय कळणार? गडी संध्याकाळी घरी गेला की ते रात्रभर फाटकाशी रडतं. रानातलं मोकळेपण हे शहरातल्या माणसाचं स्वप्न आहे, त्याच्या कुत्र्याचं नाही.

अशाच एका घरी मी आबांचे प्रश्न विचारले. राती कुठं झोपतो? हॉलमध्ये. तुम्ही गावाला गेलात तर? आम्ही नसलो तर मावशी येतात ना, स्वयंपाकाच्या, त्यांच्याकडून नीट खातो. आणि मावशी चार दिवस आल्या नाहीत तर? नवरा-बायको एकमेकांकडं बघायला लागले. दिवाळीत मावशी गावी गेल्या होत्या तेव्हा त्यानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवून औषधं आणली होती. म्हणजे कुत्रं कुणाचं, हे सात वर्षं त्या घरात कुणी विचारलंच नव्हतं. मावशींची खोली दहा बाय दहाची, वस्तीत. त्यांना विचारणं या दोघांना बरं वाटेना. एवढं मोठं कुत्रं, त्यांना परवडेल का, अपमान वाटेल का. मी म्हटलं, विचारा तर. त्यांच्या खाण्याचा, इंजेक्शनाचा महिन्याचा खर्च तुम्ही पाठवा. मावशी आधी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खर्चाचं बगू मागनं. त्येची जुनी चादर द्या, धुऊ नका." न धुतलेली चादर मागणारी बाई पाहिली आणि मी पुढं काही बोललो नाही.

राहिली जाग्याची कुत्री. खरं तर आपल्या गावगाड्यातली बहुतेक कुत्री हीच. ती कुणा एकाची नसतात, आळीची असतात. शहरातही तेच. भटकी कुत्री पकडून त्यांची शस्त्रक्रिया करायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असं 2001 च्या सरकारी नियमांत लिहिलेलं होतं. दुसरीकडं सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवी कुत्री येऊन बसतात. अनेकांना हा नियम वेडगळ वाटतो. आबांना वाटला नसता.

आमचा टिप्या जाग्याचा होता. काळा, छातीवर पांढरा, आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक पिवळा टिपका. असल्या कुत्र्याला चार डोळ्यांचं म्हणतात आणि त्याला भुतं दिसतात असं आमच्या आजीचं ठाम मत होतं. हे मत तिच्या एकटीचं नव्हतं. ऋग्वेदात यमाची दोन कुत्री चार डोळ्यांचीच आहेत. पारशी लोकांत माणूस गेला की त्याच्या मृतदेहापुढं कुत्रं आणायचा विधी आहे, त्यालाही असंच कुत्रं शुभ मानतात. त्यामुळेच 1832 साली मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा सगळ्यांत आधी पारशी भडकले आणि चक्क दंगल झाली. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरापोळ निघाला. मोकाट कुत्र्यांना बंदुकीपासून वाचवायचं हेही त्यामागचं एक कारण. बेवारशी जनावरासाठी जागा काढणं ही आपल्याकडं अशी जुनी गोष्ट आहे. पण पांजरापोळात कुत्रं जगतं, त्याला घर मिळतं असं नाही.

टिप्या आमच्या नदीकाठच्या मळ्यात वाढला. मोट बंद होऊन विहिरीवर इंजिन आलं होतं, पण जुनी धाव आणि थारोळं तसंच होतं. कोरड्या थारोळ्यात तो झोपायचा. आबांवर जीव, पण आबा गावात निघाले की शेवटच्या बांधापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. 1972 च्या दुष्काळात आमचं सगळं घर नालाबंडिंगच्या कामावर होतं. विहीर आटली होती, मळ्यात राखायला गवताची काडी नव्हती. टिप्या तेव्हा दोन वर्षांचा. दुपारी तो तीन मैल चालत कामावर यायचा, आजी वाटणीच्या सुकडीतली मूठभर त्याला घालायची, ती खाऊन तो परत मळ्यात जायचा. ओसाड रान राखायला. मुकादम हसायचा. आबा हसत नसत.

उजनीच्या धरणाचं काम 1969 साली सुरू झालं आणि 1980 साली पुरं झालं. मधल्या दहा-अकरा वर्षांत करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावं एकेक करून उठली. सुमारे 117 टीएमसी पाणी मावेल एवढा तो जलाशय. त्याला पुढं यशवंतसागर नाव दिलं. जुना रेल्वेमार्गही त्यात गेला आणि रूळ दुसरीकडून टाकावे लागले. डिकसळचा जुना रेल्वेपूल तेवढा राहिला, त्यावरून माणसं-गाड्या जायला लागल्या. पळसदेवचं देऊळ पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते अजून वर येतं, आणि लोक फोटो काढायला जातात.

आमच्या घराची मोजणी झाली त्या दिवशी मी होतो. खण किती, दगडी भिंत का पेंडीची, विहिरीला बांधकाम किती, आंब्याची झाडं किती, फळतं कोणतं, न फळतं कोणतं, सगळं कागदावर आलं. टिप्या मोजणीच्या साखळीवर भुंकत होता. एका कारकुनानं थट्टेत विचारलं, याचा मोबदला किती लावू? आबा म्हणाले, "त्येला जिमिनीबदली जिमीन लागती."

आम्हाला जमीन मिळाली ती पंचवीस कोसांवर, पार दुसऱ्या टोकाला. जमीन एकीकडं, राहायचा प्लॉट दुसरीकडं, नव्या गावठाणात ओळीनं आखलेला. ज्या गावच्या शिवारात आम्ही जाणार त्या लोकांचीही जमीन आमच्यासाठी गेली होती. तिथं माणसंच आम्हाला नको होती, कुत्र्याला कोण विचारतो. गावातली बरीच मंडळी कुत्री ट्रकमध्ये घालून न्यायची म्हणत होती. वडिलांचंही तेच मत होतं. आबांनी ठाम नाही म्हटलं. "आपून तिकडं गावठाणात ऱ्हानार. ह्यो मळ्याबिगर काय करंल? साखळीला बांधून ठिवनार का जलमभर?"

धनगरांना विचारून झालं. मेंढका टिप्याला आवडायचा, पण तो म्हणाला, रात्री एकट्या मेंढराला बिथरून हे भुंकलं तर कळपच्या कळप वाघर तोडून पळेल. माझ्या आजोळी विहीर होती, मळा होता, सगळं जमण्यासारखं होतं. पण ते नदीच्या याच काठाला, सहा कोसांवर. तिथून टिप्या दुसऱ्या दिवशी परत आला असता. आणि परत येऊन तो चढत्या पाण्यात थारोळं राखत बसला असता, याची आबांना खात्री होती. एरवी परत आलेलं कुत्रं पुन्हा नेऊन सोडता येतं. इथं परत यायची जागाच बुडणार होती.

आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला माळ होता. तिथं अण्णांची वस्ती. संपादनाचा दगड आमच्या आणि त्यांच्या बांधावरच रोवला गेला होता. त्यांची खालची थोडी पट्टी जाणार होती, बाकी सगळं राहणार होतं. म्हणजे आमच्या मळ्याचा जेवढा भाग या पृथ्वीवर राहणार होता, तो अण्णांकडं होता. आणि अण्णांशी आमची अकरा वर्षं बोलाचाल नव्हती. तोच बांध कोरल्यावरून करमाळ्याच्या कोर्टात दावा चालू होता. दीड हात रुंदीचा पट्टा. दोन्ही घरांनी वकिलांना दिलेले पैसे अंथरले असते तर तो पट्टा झाकून उरले असते.

आबा एका संध्याकाळी माळावर गेले. मला बरोबर नेलं, बहुधा पोरासमोर भांडण वाढणार नाही म्हणून. अण्णा बाजेवर बसले होते. उठले नाहीत, पण सरकून जागा केली.

"टिप्याचं काय करावं म्हणतोय," आबा म्हणाले.

अण्णांनी धोतर वर घेऊन पोटरी दाखवली. "ह्ये बगा. तुमच्या टिप्याची निशानी."

"म्हनूनच आलो. गावात तुमच्याइतका वास त्येला कुनाचाच पाट न्हाय. रोज राती तुमच्याच पावलाकडं कान लावून झोपला त्यो."

"माज्यावरच भुकाय शिकीवला तुमी त्येला."

"शिकीवला. पर वळखतोय ना. तिकडं समदीच परकी."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, कोंबडीला धरतो का? आबांनी काही लपवलं नाही. कोंबडीला हात लावत नाही, पण अंडी खातो. वासराच्या मागं लागतो, कालवडीच्या लागत नाही, का ते माहीत नाही. ढग गडगडले की भितो, तेव्हा घरात घ्यावं लागतं, नाहीतर दार ओरबाडतो. जेवताना कुणी जवळ गेलेलं खपत नाही. गुण एकही सांगितला नाही. अण्णा म्हणाले, "आनि चांगलं काय?" आबा म्हणाले, "ते तुमाला ठावं हाय."

पुढचे पंधरा-वीस दिवस मी जे पाहिलं ते कोणत्या पुस्तकात वाचलं नाही. रोज दिवस मावळताना आबा टिप्याला घेऊन बांधावर जायचे आणि गप बसायचे. अण्णांच्या घरच्या काकू भाकरी घेऊन यायच्या आणि बांधाच्या पलीकडं ठेवायच्या. पहिले दोन दिवस टिप्या गुरगुरला. तिसऱ्या दिवशी त्यानं बांध ओलांडून खाल्ली आणि लगेच परत आला. आमच्या घरची भाकरी आबांनी हळूहळू बंद केली, त्यावरून आजीनं त्यांच्याशी अबोला धरला. मग भाकरी बांधापासून दूर, माळावरच्या बाभळीखाली जायला लागली. मग दारात. मग आबांनी थारोळ्यातलं जुनं पोतं उचलून अण्णांच्या विहिरीच्या कट्ट्यावर टाकलं. पोरांना ताकीद होती, माळाकडं तोंड करून टिप्याला हाक मारायची नाही. मला ते दिवस जड गेले एवढंच सांगतो.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी घराची कौलं, वासे, दारं उतरवून ट्रकमध्ये भरली होती. आबांनी अण्णांना निरोप धाडला की टिप्याला दोरीनं घेऊन या. वडील चिडले, म्हणाले, आता कशाला त्याला दाखवता. आबा म्हणाले, "मोडल्यालं बगू द्या. न्हाईतर हाय असंच समजून राखत बसंल." टिप्या आला. उघड्या भिंतींतून सगळीकडं फिरला, चुलीची राख हुंगली, विहिरीवर इंजिन काढलेल्या जागी बराच वेळ उभा राहिला. थारोळ्यात उतरला नाही. अण्णांनी दोरी ओढली नव्हती, तोच आधी चालायला लागला. त्याला काय समजलं ते मी सांगू शकत नाही. मी बघितलं ते एवढंच.

ट्रकमधून गेलेल्या कुत्र्यांचं नव्या गावी फार बरं झालं नाही. तिथल्या कुत्र्यांशी रोज मारामाऱ्या, मग माणसांच्या. दोघं-तिघं कुत्री आठवड्याभरात नाहीशी झाली. त्यातलं एक जुन्या गावाच्या पाण्याशी पोचल्याचं पुढं कळलं. मागं सोडलेल्या कुत्र्यांचं अण्णांकडून समजलं. पावसाळ्यात पाणी चढत गेलं तशी ती विंचू, साप, सशांबरोबर वर सरकत माळावर आली. अकरा होती. काकूंनी जमेल तेवढं घातलं. पुढं जलाशयात मासेमारी करणारी माणसं काठाला पालं ठोकून राहिली, त्यांच्याकडं माशांची डोकी मिळायला लागली तेव्हा चार-पाच कुत्री तिकडं गेली. बाकीच्यांचं काय झालं हे अण्णांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या नव्या घरात आजी सवयीनं शेवटची एक लहान भाकरी करायची आणि मग हातात धरून दारात उभी राहायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात आबा मोबदल्याच्या कागदासाठी करमाळ्याला गेले, तिथून माळावर गेले. मी सुट्टीत होतो, म्हणून बरोबर. पाणी मागं हटलं होतं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि आमच्या मळ्याचा वरचा तुकडा उघडा पडला होता. अण्णांनी त्यात गाळपेर केली होती. मूग होता. त्यांनी आबांना विचारलं, "चालंल न्हवं?" तो मळा तेव्हा ना आमचा होता ना त्यांचा, सरकारचा होता. आबा म्हणाले, "चालंल."

टिप्या विहिरीवर होता. विहीर गाळानं भरली होती, नुसतं दगडी कडं राहिलं होतं, त्यावर तो बसला होता. आबांना बघून उठला, आला, त्यांच्या पायांत दोनदा फिरला, कण्हल्यासारखा आवाज काढला. मग बांधापर्यंत आमच्याबरोबर आला आणि तिथं बसला. आम्ही रस्त्याला लागलो तरी तो तिथंच होता. अण्णा सांगत होते, पाणी आलं की रोज सकाळी काठापर्यंत जातो, जिथं पाणी लागेल तिथं पाय भिजवतो आणि परत येतो. पाणी जसं उतरेल तसं याचं रान वाढतं. पहिल्या पावसाळ्यात मात्र तीन रात्री काकूंनी त्याला घरात कोंडून ठेवलं होतं. ढग गडगडत होते म्हणून, असं त्या म्हणाल्या. ढगांबरोबर पाणीही चढत होतं हे त्या बोलल्या नाहीत.

दावा कोर्टात आपोआप पडला. तारखेला दोघंही गेले नाहीत.

1983 च्या हिवाळ्यात अण्णांचं पोस्टकार्ड आलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, कुणा शाळकरी पोराकडून लिहवून घेतलं होतं. सुरुवातीला सगळ्यांची खुशाली, मग पाण्याची पातळी, मग मुगाचा भाव. खाली दोन ओळी होत्या. टिप्या सोमवारी गेला, आजारी नव्हता. बांधावर पुरला आहे, तुमच्या बाजूला.